पुढचा ब्रेक

"पान्याला हात लावायच्या आधी एक सांग," हर्षददादा म्हणाला. "तुझी पीएच.डी. कशात आहे?"

"रसायनशास्त्रात."

"आणि हे काय आहे?"

"पुढचा ब्रेक."

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं," असं म्हणून तो परसातल्या पायरीवर बसला आणि चहाचा कप गुडघ्यावर टेकवून माझ्याकडे बघत राहिला.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली शनिवारची सकाळ होती. वाईतल्या आमच्या घरामागे नानांची मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी होती. इंजिनाखाली मी लाकडाचा ओंडका सारला होता, त्यामुळे पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं. टाकीवर जुनी चादर पांघरली होती, कारण ब्रेक ऑइल सांडलं तर रंग खातं. खाली वर्तमानपत्रावर साताऱ्याहून आणलेलं सामान मांडलं होतं: ब्रेकची नवी नळी, रबरी सीलांची दोन पाकिटं, तांब्याचे वॉशर, ऑइलची न फोडलेली बाटली. हँडलला खंडेनवमीच्या हाराचा दोरा अजून तसाच होता, एक वाळकं झेंडूचं फूल धरून. तो मी आधी कापून काढला.

"शरयू, उद्या दुपारी तो पाचवडचा माणूस गाडी न्यायला येणार आहे," दादा म्हणाला. "त्याला ब्रेकशी काही देणंघेणं नाही. तो आहे तशी घेतोय. तू उगाच हात काळे करून घेतेयस."

"तू रविवारपर्यंत थांबतो म्हणालास ना?"

"थांबलोय की. बसलोय बघ."

नाना हौदाला टेकून उभे होते. त्या दिवसांत ते फारसं बोलतच नव्हते.

माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. वाई-पाचगणी-महाबळेश्वर ही त्यांची वाट. तीसएक वर्षं त्यांनी पसरणीचा घाट चढला आणि उतरला, धुक्यात, पावसात, जत्रेच्या गर्दीत. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांना मिळाला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही मोटारसायकल जुनी घेतली, आणि मग तोच घाट ते दोन चाकांवर करू लागले. मागे आई.

कार्तिक सरता सरता पाचगणीच्या एका बारशाहून दोघं परत येत होते. घाटातल्या एका वळणावर पुढचं चाक एकाएकी जागच्या जागी थांबलं. नाना एका बाजूला फेकले गेले, आई दुसऱ्या. नानांचं खरचटण्यावर भागलं. आईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दादा चारचाकी घेऊन पोचला तेव्हा नाना रस्त्याच्या कडेला आईचा हात आपल्या मांडीवर धरून बसले होते. ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "मी ब्रेकला हात लावला नव्हता."

दुसऱ्या दिवशी दादानं आणि गॅरेजवाल्यानं गाडी तपासली. चाक मोकळं फिरत होतं. ब्रेक दाबला की लागत होता, सोडला की सुटत होता. गाडीत काहीच दोष नव्हता. मग उरलं काय? सत्तरीला टेकलेला माणूस, वळण, आणि घाबरून आवळलेला हात.

नानांनी पुढचे आठ-दहा दिवस प्रत्येकाला तेच सांगितलं. मग सांगणं सोडलं.

आईनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. विषय निघाला की ती म्हणायची, "वय झालं की होतं असं. मी काही म्हणतेय का?" आणि नाना उठून बाहेर जायचे.

मला साताऱ्यात हे फोनवर कळत होतं. मी एकदाच नानांना विचारलं, "पडायच्या आधी गाडी कशी चालत होती?"

बहुतेक तोवर त्यांना हे कुणी विचारलं नसावं.

"जड," ते म्हणाले. "महिनाभर हळूहळू जड होत गेली होती. चेन ताठ असेल म्हणून दाखवून आणली. चेन ठीक होती."

ते "जड" माझ्या डोक्यात बसलं. पुढचा ब्रेक तसा साधा प्रकार असतो. हँडलवर ऑइलची छोटी डबी. लिव्हर दाबलं की ऑइल रबरी नळीतून खाली चाकापर्यंत ढकललं जातं आणि दोन पट्ट्या चाकावरची तबकडी आवळतात. लिव्हर सोडलं की ऑइल परत वर येतं आणि पट्ट्या सैल होतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या दाबयंत्राची सीलं मी स्वतः बदलत असे; तत्त्व तेच. त्यामुळे मला वाटलं, जुनी नळी आतून फुगली असेल. दाबलेलं ऑइल जोरानं खाली जात असेल, पण परतीच्या वाटेवर अडकत असेल. ब्रेक कायम किंचित लागलेला राहिला, तर गाडी जड चालणारच.

पण हे नुसतं मला वाटत होतं. वाटण्यावर दादा गाडी ठेवणार नव्हता, आणि त्याचं चूक म्हणता येत नव्हतं. आईच्या हाडाचा एक्स-रे त्यानं पाहिला होता, मी नव्हता.

"बरं, करा सुरू, डॉक्टर," तो म्हणाला.

हँडलवरच्या डबीच्या झाकणाला दोन स्क्रू होते. ते सहज निघाले, इतक्या जुन्या गाडीच्या मानानं फारच सहज. झाकण उचललं. त्याखाली एक पातळ रबरी पडदा असतो, झाकणाच्या मापाचा. मी तो चिमट्यानं उचलला आणि कागदावर ठेवला.

मग परत झाकणात बसवून पाहिला.

तो बसेना. चारी बाजूंनी नखभर बाहेर येत होता. कडांना फुगून चुण्या पडल्या होत्या, भिजलेल्या पापडासारख्या.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"हा मोठा झालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे रबर वाढलंय. या झाकणाचा पडदा या झाकणात मावत नाही."

दादा उठून आला. त्यानं पडदा हातात घेऊन झाकणाला लावून पाहिला, उलटा करून पाहिला. "दुसऱ्या गाडीचा बसवला असेल कुणी."

"दुसऱ्याचा असता तर झाकण लागलंच नसतं. आत बसल्या बसल्या वाढलाय."

माझ्या हातात पाना होता आणि नळी उघडायला मी वाकलेही होते. तशीच थांबले. नुसती नळी जुनी झाली असती तर हा पडदा फुगायचं कारण नव्हतं. नळी खूप खाली, पडदा वर. दोघांना जोडणारी गोष्ट एकच होती, ऑइल. ज्यानं हा पडदा फुगवला, त्यानं आतली सगळीच रबरं फुगवली असणार. आणि एकदा नळी काढली की हे कुणाला दाखवता येणार नव्हतं.

मी पाना खाली ठेवला.

"आई," मी हाक मारली, "पाणी उकळायला ठेव. मोठं पातेलं."

आई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होती. त्याच आठवड्यात प्लास्टर निघालं होतं, उजव्या मनगटाला पट्टी होती, आणि डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू ती तोंड वाकडं करत दाबत होती. "आता गाडीला चहा पाजणार का?" ती म्हणाली. पण पाणी ठेवलं.

पाणी उकळेपर्यंत मी झाकण जसं होतं तसं दडपून लावलं, लिव्हर चार-पाच वेळा दाबून सोडलं. पुढचं चाक फिरवलं. फिरलं. पट्ट्यांचा बारीक घासल्याचा आवाज येत होता, पण फिरलं.

"बघ," दादा म्हणाला. "तेव्हाही असंच फिरत होतं."

"तेव्हा म्हणजे दुसऱ्या दिवशी. गार झाल्यावर. नाना, इकडे या. चाक तुम्ही फिरवत राहा. सावकाश, एका लयीत."

नाना आले. चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरला हात घालून फिरवू लागले. मी जुन्या टॉवेलच्या चिंध्या उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्यानं काढल्या आणि तबकडी जिथं आवळली जाते त्या धातूच्या ठोकळ्याभोवती गुंडाळल्या. वाफा निघू लागल्या. चिंध्या गार झाल्या की दुसऱ्या. तबकडीला मी पाणी लागू दिलं नाही.

"दादा, तू हँडलपाशी उभा राहा. लिव्हरवर लक्ष ठेव. कुणी हात लावला तर सांग."

"कोण लावणार आहे?"

"कुणीच नाही. म्हणूनच ठेव."

चाक फिरत होतं. सर्र, सर्र. मी चिंध्या बदलल्या. नाना फिरवत होते. मग आवाज बदलला. सर्रचा खर्र झाला. नानांच्या दंडाची शीर वर आली.

"जड व्हायलंय," ते म्हणाले, हळूच. मग मोठ्यानं, "हेच. पोरी, हेच जड."

"फिरवत राहा."

अजून दोन फेरे. अजून अर्धा. आणि चाक थांबलं.

नानांनी दोन्ही हात चाकावरून काढून वर धरले, पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे. दादा हँडलपाशी होता. लिव्हर मोकळं होतं, पूर्ण बाहेर. त्यानं त्याकडे पाहिलं, खाली चाकाकडे पाहिलं. मग येऊन त्यानं टायर दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. सगळी गाडी हलली. चाक हललं नाही.

"कुणी दाबला?" तो म्हणाला.

"तू तिथंच उभा होतास," मी म्हटलं.

"पण मग दाबला कुणी?"

"ऑइलनं. तापलं की ते फुगतं. एरवी वरच्या डबीत परत जातं. इथं परतीचं भोक फुगलेल्या रबरानं बुजवलंय. वर जायला वाट नाही, मग ते पट्ट्याच आवळतं. आवळलं की तबकडी घासते, अजून तापतं. तापलं की अजून आवळतं. घाट उतरताना इंजिन ओढत नसतं, त्यामुळे गाडी जड झालेली कळतही नाही. एका वळणावर चाक थांबतं. गार झालं की सगळं पूर्ववत. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला काय दिसणार?"

मी खालच्या बाजूचा हवा काढायचा छोटा बोल्ट पान्यानं किंचित सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली, थेट माझ्या कोपरापर्यंत. चाक सुटलं आणि आपोआप थोडं मागे फिरलं.

दादा मातीतच खाली बसला.

"नाना," तो म्हणाला. "नाना, गाडी कुठं जात नाही. त्या माणसाला मी आत्ता फोन करतो."

"गाडीचं मरू दे," नाना म्हणाले. ते दादाकडे बघत नव्हते. मागच्या दाराकडे बघत होते. "गाडी विका, भंगारात घाला. तिला एवढं कळलं ना, की तिचा हात माझ्या हातानं मोडला नाही?"

तेव्हा मला कळलं की दीड महिना हा माणूस गाडीसाठी भांडलाच नव्हता.

आई दारातून पायरीवर आली होती. चेंडू दाबणं थांबलं होतं. तिची नजर माझ्या हाताकडे होती. मी डबीतलं जुनं ऑइल सुईच्या पिचकारीनं उपसून काचेच्या पेल्यात काढत होते. पुरावा हातात असताना कारण शोधायचं, ही सवय.

"आता याच्यात काय बघतेस?" दादानं विचारलं.

"रबर कशानं फुगलं ते." मी पेल्यात तेवढंच पाणी ओतलं आणि ढवळलं. "याला ऑइल म्हणतात, पण हे तेल नव्हे. पाण्यात पुरतं विरघळायला हवं."

पेला मी उन्हात धरला. थोडा वेळ सगळं गढूळ. मग खालचा भाग निवळत गेला, फिकट, सरबतासारखा. आणि वर, पेल्याच्या कडेला धरून, बोटभर जाडीचा एक स्वच्छ थर तरंगत राहिला. त्याखालची रेघ आखल्यासारखी सरळ होती.

"हे तेल आहे," मी म्हटलं. "खरं तेल. यंत्राचं. हे ब्रेकमध्ये कुणीतरी घातलंय."

"गॅरेजवाला!" दादा उठलाच. "त्याला आता दाखवतो मी. माझ्यासमोर शपथा घेत होता—"

"हर्षद, बस खाली," आई म्हणाली.

"आई, तुला कळत नाही, हे लोक—"

"बस म्हटलं ना. ते तेल माझं आहे."

दादा उभाच राहिला. आई पायऱ्या उतरून खाली आली. तिनं पेला डाव्या हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत माझ्या हातात दिला. आई शिवणकाम करायची. चाळीस वर्षं तिचं पायमशीन चालू होतं आणि त्याला आजवर कारागिराचा हात लागला नव्हता. उघडणं, पुसणं, तेल घालणं, सगळं ती स्वतः करायची. मशीनच्या तेलाचा वास तिला डोळे मिटून कळला असता.

"खंडेनवमीला," ती म्हणाली. "आपल्याकडं नुसतं हळदीकुंकू लावून भागत नाही, यंत्राला तेल द्यायचं असतं. सासूबाई गेल्यापासून मीच देते. मशीनला दिलं. दळणाच्या चक्कीला दिलं. विहिरीच्या रहाटाला दिलं. गाडीला कुठं द्यायचं ते शोधत होते, तर हँडलवर ती डबी. तिला खिडकी असते ना बारीक? खिडकीत रेघ आहे आणि तेल रेघेच्या खाली. म्हटलं, एवढे फिरतात, तेल तेवढं बघत नाहीत. मशीनच्याच स्क्रूड्रायव्हरनं झाकण काढलं."

"किती घातलंस?" मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"रेघेपर्यंत." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू अजून किती घालायला हवं होतं. "रेघ कशासाठी असते?"

पट्ट्या झिजल्या की डबीतली पातळी खाली जातेच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे तिला कोण सांगणार होतं? कुठल्याही यंत्रावर रेघ दिसली आणि पातळी तिच्या खाली असली, तर मीही तेच केलं असतं. फक्त बाटली दुसरी घेतली असती.

आई नानांकडे वळली. ते चाकापाशीच उकिडवे बसलेले होते.

"दीड महिना मी तुम्हाला माफ करत होते," ती म्हणाली.

"व्हय," नाना म्हणाले. "ते लई जड जात होतं."

मला वाटलं ती रडणार. पण नाना गुडघ्यावर हात ठेवून उठले, डबीचं झाकण उचलून त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "काम मात्र चोख केलंस हां. एक थेंब बाहेर सांडला नव्हता. सांडला असता तर मी त्याच दिवशी पकडलं असतं."

"मी कधी सांडते का?" आई फणकारली, आणि मग हसूच आलं तिला. इतकं हसली की दुखऱ्या हातानं पदर तोंडाला लावायला गेली आणि "आई गं" म्हणत पुन्हा हसली. नाना तिचा हात धरून उभे. दादा एकदा यांच्याकडे, एकदा त्या पेल्याकडे बघत होता.

"म्हणजे गॅरेजवाल्याची चूक नाही," तो म्हणाला.

"नाही."

"नानांची नाही."

"नाही."

"आईची…"

"आईची आहे," आई म्हणाली. "पुढं काय करायचं ते सांगा. अशी उघडी ठेवणार आहात का गाडी?"

मग खरं काम सुरू झालं. तेलानं बाटलेलं एकही रबर मी ठेवलं नाही. नळी काढली, दाबली तर ती शिळ्या भाकरीसारखी लागली, आतून इतकी सुजलेली की तिच्यातून फुंकर जाईना. वरची डबी आणि खालचा ठोकळा खोलला. धातूचे भाग धुतले, वाळवले, पुन्हा धुतले. बाटलीतलं नवं ऑइल लावून नवी सीलं एकेक करून बसवली. नवी नळी जुन्या वाटेनं घातली, हँडल दोन्ही बाजूंना वळवून ती कुठं ताणली जात नाही ना ते पाहिलं. प्रत्येक जोडाला दोन्ही अंगांनी तांब्याचे नवे वॉशर. दादा मला पाने देत होता, आणि मागण्याआधी देऊ लागला होता. नाना मधूनच "आणखी अर्धा आटा" म्हणत होते, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर होतं.

शेवटचं काम नळीतली हवा काढायचं. ते एकट्याचं नसतं. एकानं वर लिव्हर दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली बोल्ट सैल करायचा, हवा-ऑइल बाहेर आलं की आवळायचा, मगच वरच्यानं सोडायचं. हे पुन्हा पुन्हा. वरच्यानं घाई करून आधी सोडलं की हवा परत आत.

"मी दाबतो," दादा म्हणाला.

"सरक," आई म्हणाली. "लिव्हर उजव्या हाताचं आहे ना?"

"आई, तुझा हात—"

"डॉक्टरांनी चेंडू दाबायला सांगितलाय की नाही? चेंडू दाबून कुणाचं काय भलं होतंय? हे दाबते."

तिनं पट्टीचा हात हँडलवर ठेवला आणि बोटं लिव्हरभोवती घातली.

पहिल्यांदा लिव्हर पार मुठीपर्यंत गेलं, काहीच नसल्यासारखं.

"हे तर लोण्यात बोट घातल्यासारखं झालं."

"हवा आहे. हवा दबते, ऑइल दबत नाही. धरून ठेव. सोडू नकोस."

मी बोल्ट सैल केला. पारदर्शक नळीतून पेल्यात बुडबुडे गेले. आवळला. "सोड."

"दाबू?"

"दाब. धर. सोड."

नाना डबीत ऑइल ओतत होते, पातळी खाली जाऊ न देता. दादा पेला धरून होता आणि बुडबुडे आले की ओरडत होता. आईच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, थांबूया का? तिनं फक्त "दाबू?" विचारलं.

बुडबुडे मोठ्याचे लहान झाले, लहानाचे मोहरीएवढे, आणि मग एका खेपेला नुसतं स्वच्छ ऑइल आलं. पुन्हा आलं. मी बोल्ट शेवटचा आवळला.

"आता दाब."

तिनं दाबलं. लिव्हर अर्ध्यावर जाऊन थांबलं. तिनं जोर लावला. ते हललं नाही. तिनं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी प्रयोगशाळेत क्वचित पाहिलंय, वर्षाच्या कष्टांनंतर एखाद्या विद्यार्थिनीचा प्रयोग जमतो तेव्हा.

"आता याला अंग आलं," ती म्हणाली.

मी पुन्हा पाणी उकळलं. पुन्हा त्याच चिंध्या, तोच ठोकळा, त्याच वाफा. नानांनी चाक फिरवलं. पातेलं संपलं, चाक फिरतच राहिलं. शेवटी दादाच म्हणाला, "बास की आता, ते काय महाबळेश्वरला जाऊन येतंय का?" आणि आत जाऊन त्यानं पाचवडच्या माणसाला फोन केला. गाडी विकायची नाही, एवढंच सांगितलं. त्या माणसानं कारण विचारलं असावं, दादा म्हणाला, "घरच्यांना हवीय."

रविवारी सकाळी पहिला उतार मी केला. ब्रेक मी उघडला होता, तर त्याच्यावर आधी बसायचं ते मी. दादा वाद घालणार होता, पण नानांनीच मला हेल्मेट आणून दिलं. चढून पाचगणीच्या वेशीपर्यंत गेले, वळले, आणि उतरायला लागले. नाना कधीच उतरत नाहीत तशी उतरले, मुद्दाम, प्रत्येक वळणाआधी पुढचा ब्रेक दाबत, त्याला तापवत. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं आणि खोऱ्यातल्या शेतांवर धुरकट ऊन होतं. त्या वळणावर मी गाडी बाजूला घेऊन थांबले. उतरून मधल्या स्टँडवर लावली, मागचा भाग खाली दाबून पुढचं चाक उचललं आणि पायानं ढकललं. ते फिरलं. तापलेली तबकडी टिकटिकत होती आणि चाक फिरत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं मी एकटी कधीच हसले नव्हते.

घरी आले तर नाना जाकीट घालून तयार, आणि त्यांच्यामागे आई, डोक्याला स्कार्फ, पदर खोचलेला.

"तू कुठं?" दादानं विचारलं.

"पाचगणीला. त्या बारशाच्या बाळाला झबली शिवलीयत, तशीच पडून आहेत."

"आज?"

"मग कधी? त्याला लहान व्हायच्या आधी द्यायला हवीत."

ती नानांच्या मागे बसली. डावा हात त्यांच्या खांद्यावर, उजवा मांडीवर. नानांनी गाडी चालू केली आणि क्षणभर तशीच थांबवली. बहुतेक तिनं उतरायचं ठरवलं तर वेळ असावा म्हणून. आईनं त्यांच्या पाठीत कोपर मारलं. ते गेले.

दुपारी परत आले तेव्हा दादा आणि मी फाटकातच होतो, दोघंही काहीतरी काम असल्याचं दाखवत. समोरच्या शकूमावशी अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. आईला मागच्या सीटवरून उतरताना पाहून त्या सूप बाजूला ठेवून उठल्याच.

"अगं बाई! बसलीस परत? त्याच घाटातनं आलात?"

"त्याच."

"आणि भीती नाही वाटली तुला? यांच्या मागं?"

नाना हेल्मेट काढत होते. त्यांचे हात तसेच राहिले.

आईनं स्कार्फ सोडला, झटकला, नीट घडी घातली.

"कसली भीती?" ती म्हणाली. "चालवणारा तीस वर्षांचा मुरलेला आहे, आणि ब्रेक मी बसवलाय."